पिवळे ठिपके

इन्क्युबेटर तापवतो, गार करत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला मला पीएचडीचा दुसरा मे महिना उजाडावा लागला.

पेशी वाढवायच्या त्या पेटीत ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायचा असतो. खोली पेटीपेक्षा गारच असणार असं गृहीत धरून आत नुसता हीटर दिलेला असतो. जळगाव जिल्ह्यात मेमध्ये पारा ४५ला टेकतो, हे पेटी बनवणाऱ्यांच्या गावीही नसतं. त्या रात्री लाईट गेली, जनरेटर सुरू झाला. इन्क्युबेटर जनरेटरच्या लाइनवर होता, एसी नव्हता. बंद खोली तापत गेली आणि तिच्याबरोबर पेटीही. सकाळी सातला दार उघडलं तर आकडा ४२च्या वर. फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आदल्या दिवशी तळाला चिकटून ऐसपैस पसरलेल्या पेशी गोल होऊन वर तरंगत होत्या, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या. सात महिन्यांचं काम होतं ते.

सगळंच गेलं नाही, कारण दोन महिन्यांपूर्वी याच पेशींच्या सहा व्हायल, म्हणजे छोट्या कुप्या, गोठवून द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवल्या होत्या. आता तो कॅनही तळाला गेला होता आणि नायट्रोजन भरून देणारा चार दिवस येणार नव्हता. मग आठवलं, गाई-म्हशींच्या रेतनाच्या कांड्या ठेवायला हाच नायट्रोजन लागतो. ओळखीच्या एका रेतन करणाऱ्या दादांकडे गेले. त्यांनी काहीएक न विचारता पाच लिटर ओतून दिला. ओतून झाल्यावर मात्र विचारलं, "मॅडम, यात कोणतं आहे, गीर का एचएफ?" मी म्हटलं, माणसाच्या पेशी आहेत. त्यांनी कॅनकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं आणि पैसे घेतले नाहीत.

पेशी होत्या एमसीएफ-७. स्तनाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत या असतात. १९७० साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये एका ननच्या छातीत साचलेलं पाणी काढलं होतं. त्यातल्या पेशी काचेत वाढत राहिल्या, त्या बाई गेल्यानंतरही. मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये झालं म्हणून एमसीएफ. माझ्या पेशी मी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून आणल्या. फ्लास्कमध्ये काठोकाठ गुलाबी मिडियम, म्हणजे पेशींचं पातळ खाणं, झाकणावर पॅराफिल्म, बाहेर थर्माकोलचा डबा, आणि तो डबा मांडीवर घेऊन महाराष्ट्र एक्सप्रेस. चाळीसगाव येईपर्यंत समोरच्या बाईंनी तीनदा विचारलं, "मासे आहेत का?" शेवटी मी हो म्हटलं.

तर ते सात महिने कशात गेले? पेशींना औषधाची सवय लावण्यात.

हे उलटंच वाटतं, म्हणून आधी घरचं सांगते. माझ्या मोठ्या मायला, म्हणजे आप्पांच्या थोरल्या भावाच्या बायकोला, मी एम. फार्मच्या शेवटच्या वर्षाला असताना स्तनाचा कॅन्सर निघाला. तिला जी औषधं दिली त्यात डॉक्सोरुबिसिन होतं. लालभडक रंग, नीट रूह अफजासारखा. पहिल्या केमोनंतर तिला लाल लघवी झाली तेव्हा ती रक्त समजून रडायला लागली. नर्सनं सांगितलं, औषधाचाच रंग आहे, जाईल. केस गेले ते वेगळंच. दर वेळी आधी टूडी इको काढावी लागायची, कारण हे औषध हृदयाच्या स्नायूलाही सोडत नाही. आयुष्यभरात एका माणसाला किती द्यायचं याला मर्यादा असते आणि ती ओलांडता येत नाही. पहिल्यांदा गाठ बरीच ओसरली. दोन वर्षांनी पुन्हा निघाली, आणि डॉक्टर म्हणाले, आता या औषधाला पेशी दाद देणार नाहीत.

दाद का देत नाहीत, याचं एक कारण पेशीच्या भिंतीतले पंप. पी-ग्लायकोप्रोटीन असं त्या प्रथिनाचं नाव, १९७६ साली जुलियानो आणि लिंग या दोघांनी ते दाखवलं. नको असलेलं रसायन आत आलं की हा पंप ते उचलून बाहेर टाकतो. तो आपल्या आतड्यात, यकृतात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही असतो आणि तिथे तो आपल्या भल्यासाठीच असतो. कॅन्सरच्या काही पेशींत मात्र त्यांची संख्या बेसुमार वाढते. सलाइनमधून गेलेलं औषध पेशीत शिरतं न शिरतं तोच बाहेर. हे एकच कारण असतं असं नाही, मोठ्या मायच्या गाठीत नेमकं काय झालं होतं हे कुणी तपासलंही नाही. पण मला विषय तिथे सापडला.

असे पंपवाले पेशीसमूह तयार मिळतात. पण त्यातल्या एका फार वापरल्या गेलेल्या समूहाची गोष्ट वाचून माझा धीर खचला. वर्षानुवर्षं लोक तो एमसीएफ-७ची औषधाला न जुमानणारी शाखा म्हणून वापरत होते, आणि तो निघाला बीजांडकोशाच्या कॅन्सरचा. तेव्हा माझे मार्गदर्शक सर म्हणाले, आपण आपल्याच घडवू. पद्धत सोपी आणि कंटाळवाणी आहे. मिडियममध्ये डॉक्सोरुबिसिन इतकं थोडं टाकायचं की बहुतेक पेशी मरतील, थोड्या राहतील. राहिलेल्या सावरल्या, फ्लास्क भरला, की मात्रा थोडी वाढवायची. पुन्हा मरण, पुन्हा सावरणं. असं महिनोन्‌महिने. घरून फोन आला की माय पहिलं विचारायची, "मरी ग्यात का?" आणि मला सांगता यायचं नाही की मेल्या तर बरं का जगल्या तर.

आप्पांना मात्र हे पहिल्या झटक्यात समजलं. आमची पारोळ्याकडची कोरडवाहू कपाशी. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली तेव्हा त्यांनी उभ्या पिकात नांगर घातला होता. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमचं साधं, बिनबीटीचं पाकीट यायचं. कडेनं ते लावायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या टिकतात आणि विषाला सरावलेल्या अळ्यांचीच पैदास होत नाही. आमच्याकडे ते पाकीट सगळे बांधावर फेकून द्यायचे, आप्पाही. मी पेशींचं सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बोंडअळीनी बी हाईच करं ना."

सात महिन्यांनी तपासणी केली ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते. रोडामाइन नावाचा एक चमकणारा रंग आहे, तोही हाच पंप बाहेर फेकतो. साध्या एमसीएफ-७ आणि माझ्या सरावलेल्या, दोन्ही वाट्यांत सारखाच रंग घातला, धुतला आणि तासाभरानं पाहिलं. साध्या पेशी दिवाळीतल्या पणत्यांसारख्या उजळलेल्या होत्या. माझ्यांच्या वाटीत अंधार होता. अंधार पाहून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. व्हेरापामिल नावाचं रक्तदाबाचं जुनं औषध घातलं की तो पंप बंद पडतो, हे १९८१ पासून माहीत आहे. तेही घालून पाहिलं, अंधारातल्या पेशी उजळल्या. मग ते औषध रोग्याला का देत नाहीत? कारण पंप बंद पडेल इतकी मात्रा दिली तर हृदयच आडवं येतं.

म्हणून दुसरा रस्ता. पंप बंद करण्याऐवजी तो बनूच द्यायचा नाही. पंपाचा नकाशा डीएनएत असतो. त्याची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, कारखान्याकडे जाते आणि तिच्यावरून पंप तयार होतो. त्या नकलेला नेमका जुळणारा एकवीस अक्षरांचा छोटा दुहेरी आरएनए पेशीत सोडला, तर पेशीची स्वतःचीच यंत्रणा ती नक्कल कापून टाकते. फायर आणि मेलो यांनी १९९८ साली ही यंत्रणा जंतांत दाखवली आणि २००६ साली त्यांना नोबेल मिळालं. या छोट्या तुकड्याला एसआय-आरएनए म्हणतात. डीएनएला हात लागत नाही, म्हणून परिणाम काही दिवसांपुरताच राहतो.

आप्पांचा प्रश्न बरोबरच होता: "म्हणजे बीटीसारखं जीन घालतेस का?" नाही. बीटीत जीन बियाण्याच्या आत कायमचं बसवलेलं असतं. मी म्हटलं, आप्पा, तुम्ही दोनदा कोव्हिशील्ड घेतली ना? त्यात चिंपांझीचा एक निकामी केलेला विषाणू होता आणि त्याच्या पोटात कोरोनाच्या एका प्रथिनाचं जीन. म्हणजे परक्याचं जीन तुमच्या दंडाच्या पेशीत कुणीतरी वाहून नेलंय आणि तुम्हाला काही झालं नाही. त्यांनी बाही वर करून दंड पाहिला.

विषाणू हा उत्तम हमाल, पण आमच्यासारख्या कॉलेजात त्याला हाताळायची सोय नाही. आमचा हमाल स्निग्ध पदार्थाचा होता, म्हणजे लायपोसोम. साठच्या दशकात बँगहॅम या इंग्रज शास्त्रज्ञाला दिसलं की काही स्निग्ध रेणू पाण्यात सोडले की आपोआप पोकळ गोळे होतात. १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं डॉक्सिल हे असल्या गोळ्यात भरलेलं डॉक्सोरुबिसिनच आहे. हृदयाला त्रास कमी, पण तळहात-तळपायांची सालं निघतात. सुटका कुठूनच नाही.

गोळे करायची रीत हाताला फार आवडणारी आहे. गोल बुडाच्या काचेच्या चंबूत क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेले स्निग्ध रेणू घ्यायचे, रोटरी नावाच्या फिरत्या यंत्रावर लावून फिरवायचं, खाली कोमट पाणी, वर व्हॅक्यूम. क्लोरोफॉर्म उडून जातो आणि चंबूच्या आतल्या भिंतीवर थर चढतो, दुधाच्या भांड्याला साय धरते तसा, फक्त पुष्कळ पातळ. थर सारखा बसला नाही तर पुढचं सगळं बिघडतं. मग त्यात घालायचं अमोनियम सल्फेटचं द्रावण. होय, तेच खत. आमच्या घरात त्याची गोण असते. माझी बाटली अर्धा किलोची होती आणि त्या किमतीत आप्पांच्या किती गोण्या आल्या असत्या हा हिशोब मी त्यांना सांगितला नाही. थर सुटून पाणी दुधाळ होतं, ते बारीक छिद्रांच्या पडद्यांतून पुन्हापुन्हा दाबून काढायचं, आधी २०० नॅनोमीटर, मग १००. हाताचं यंत्र, दोन सिरिंज, मधे पडदा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. अंगठ्याच्या मुळाला गाठ येते.

खताची करामत अशी. गोळ्याच्या बाहेरचं अमोनियम सल्फेट धुऊन टाकलं की आतलं अमोनिया हळूहळू बाहेर झिरपतं आणि आम्ल मागे राहतं. बाहेर घातलेलं डॉक्सोरुबिसिन भिंतीतून सहज आत जातं, आत आम्ल लागलं की त्याच्यावर भार चढतो, सल्फेटशी बसून ते घट्ट होतं आणि मग त्याला परत भिंत ओलांडता येत नाही. उंदराच्या सापळ्याचं दार जसं आत उघडतं आणि मागे लागतं. भरणा ९० टक्क्यांच्या वर जातो. पहिल्यांदा जमलं तेव्हा लाल द्रावण गाळून पाहिलं तर खाली आलेलं पाणी जवळजवळ पांढरं. सगळा लाल रंग गोळ्यांनी गिळलेला.

एसआय-आरएनए याच्या उलट वागतो. तो ऋणभारित, म्हणून धनभारित रेणूंचे गोळे केले की बाहेरूनच येऊन चिकटतो. आमचा धनभारित रेणू डोटॅप. आरएनएची व्हायल कुरिअरनं आली ती एप्रिलमध्ये, डब्यातला बर्फ पाणी झालेला. माझ्या पोटात गोळा आला. पण वाळवलेला आरएनए काही दिवस साध्या तापमानालाही टिकतो, हे कंपनीच्या कागदावर होतं आणि खरंही निघालं. पाच नॅनोमोल, म्हणजे मिलिग्रॅमचा पंधरावा भाग वगैरे. व्हायलच्या तळाशी काही आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. झाकण उघडण्याआधी सेंट्रिफ्यूज करायचं, नाहीतर उडून जातं. त्यानंतरचा शत्रू म्हणजे आपला घाम. माणसाच्या कातडीवर आरएनए तोडणारी विकरं असतात. ४३ अंशांत दोन-दोन जोड मोजे घालून मी पिपेट धरायचे, आणि मोज्यात पाणी साचायचं.

सगळं जमलं. गोळे सव्वाशे नॅनोमीटरच्या आसपास, आत औषध, बाहेर आरएनए. आता आरएनएला हिरवा रंग जोडून पेशींवर सोडले. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकात प्रत्येक पेशीत हिरवे ठिपके. असंख्य. सरांनी फोटो काढून विभागाच्या ग्रुपवर टाकला, अभिनंदनं आली, मी पेढे आणले.

मग पंप मोजला. जसाच्या तसा. संदेशवाहक आरएनए मोजला, तोही जागच्या जागी. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तीन महिने मी मोजायच्या पद्धतीला दोष देत होते, प्रायमर बदलले, नवं किट मागवलं. ठिपके दिसत होते ना. मग आत गेलंय ना.

पुण्यात कॉन्फोकल या जास्त बारकाईनं पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची वेळ मिळाली तेव्हा उलगडा झाला. पेशीतल्या आम्लाच्या पिशव्या लाल दाखवणारा एक रंग असतो, तोही घातला होता. काचपट्ट्या डब्यात घेऊन गेले. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी हिरवं चित्र दाखवलं, लाल चित्र दाखवलं आणि मग दोन्ही एकावर एक ठेवली. सगळे ठिपके पिवळे झाले. हळदीचे शिंतोडे उडावेत तसे, फार सुंदर. हिरवा आणि लाल एकाच जागी असला की पिवळा दिसतो. म्हणजे माझा प्रत्येक कण पिशवीत होता.

पेशी बाहेरच्या कणाला आत घेते ती दार उघडून नव्हे. तिचं आवरण आत वळतं, कणाभोवती पिशवी होते, आणि पिशवी आत सरकत जाते तशी आंबट होत जाते. शेवटी तिथे विकरं येतात आणि असेल नसेल ते पचवून टाकतात. आरएनएचं काम मात्र पिशवीबाहेर, पेशीरसात. पोटात गेलं म्हणजे अंगी लागलं असं नाही, हे आपल्या आया शतकानुशतकं सांगताहेत. आम्ही पेढे खाल्ले ते पोटात गेल्याचे. ठिपके ठळक दिसत होते हीच खरं तर वाईट खूण होती. सुटलेला आरएनए ठिपक्यासारखा दिसतच नाही, तो सगळीकडे धुक्यासारखा पसरतो आणि फोटोत मुळीच उठून दिसत नाही. नंतर २०१३ सालचा एक लेख वाचला. चांगल्यात चांगल्या स्निग्ध कणांतूनही आत गेलेल्या एसआय-आरएनएपैकी फक्त १ ते २ टक्के पिशवीतून सुटतो, असं त्यांनी मोजून दाखवलं होतं. तो लेख मी आधी चाळला होता, एवढंच कबूल करते.

खात्री करायला क्लोरोक्विन घातलं. एकेकाळी गावोगावी वाटायचे त्या मलेरियाच्या गोळ्यांतलं. ते आंबट पिशव्यांत साठतं, त्या फुगतात, फुटतात. त्याच्यासोबत माझे जुनेच कण दिले आणि पंपाचा संदेश निम्म्यावर आला. कण नालायक नव्हते, कोंडलेले होते. रोग्यात इतकं क्लोरोक्विन देता येत नाही, त्यामुळे हा नुसता पुरावा, उपाय नव्हे.

फोनवर आप्पांना सांगितलं. "म्हंजे तठे जाईसन बी अडकी ग्यं," ते म्हणाले. पूर्ण प्रबंध या एका वाक्यात मावतो.

उपाय म्हणून गोळ्याच्या भिंतीतला एक घट्ट रेणू काढून त्याजागी डीओपीई घातला. लॅबमध्ये त्याला सगळे 'डोप' म्हणतात. बिलावर ते नाव वाचून हिशोब विभागातल्या काकांनी मला बोलावून घेतलं होतं, ते सोडा. हा रेणू शंकूच्या आकाराचा असतो, त्यामुळे त्याची भिंत सरळ राहायला नाखूश असते आणि दुसऱ्या भिंतीत मिसळून जायला तयार. पिशवीच्या भिंतीशी ती मिसळली की आरएनए बाहेर. झालंही तसंच. ठिपके फिके पडले, पंप खाली आला. पण ज्या भिंतीला आरएनए सोडायची घाई, तिला डॉक्सोरुबिसिन धरवेना. चोवीस तासांत लाल रंग बाहेर गळायला लागला. उंदीर सापळ्यात येईना असं नाही, सापळ्यालाच भोक.

शिवाय वेळेचं त्रांगडं होतं. नवे पंप बनायचे थांबले तरी भिंतीतले जुने झिजून जायला दोन-तीन दिवस लागतात. दोन्ही एकदम दिलं तर औषध पहिल्याच दिवशी बाहेर. "पहिले मोटर बंद कर, मंग फवार," आप्पांचं म्हणणं. मी तसंच केलं. आधी आरएनएचे वेगळे गोळे, मग ४८ तासांनी औषधाचे. एमटीटी नावाचा पिवळा रंग घातल्यावर जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. ९६ खळग्यांच्या त्या ताटात आधीच्या रांगा जांभळासारख्या गर्द असायच्या. या वेळी औषधाची मात्रा वाढत गेली तशी रांग फिकी होत होत पिवळीच राहिली. इथला पिवळा मात्र चांगला.

आणि इथेच सरांशी वाजलं. प्रबंधाचं नोंदवलेलं शीर्षक होतं, एकाच कणातून जनुकीय द्रव्य आणि औषध. दोन कण वापरायचे तर शीर्षक बदला, समितीपुढे जा, सहा महिने. मी चिडले होते. मला वाटलं कागदासाठी चाललंय. पण सर म्हणाले, "ताटात तू दोन्ही एकाच पेशीवर ओततेस. शरीरात पहिला कण एका पेशीत जाईल, दुसरा तिसरीत. मग?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. २०१६ सालच्या एका मोठ्या आढाव्यात दहा वर्षांचे प्राण्यांवरचे प्रयोग गोळा केले होते. शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, होता ०.७ टक्के. बाकीचे मुख्यतः यकृत आणि प्लीहा खातात. त्या ०.७ पैकी पेशीत किती, त्यातले पिशवीतून किती सुटले, गुणाकार करून बघा. दोघांनी एकाच पेशीत भेटायचं म्हणजे पंढरीच्या वारीत चुकामूक झाल्यावर फोनशिवाय भेटण्यासारखं.

म्हणून २०२३ साली भारतात मान्यता मिळालेल्या कार-टी उपचाराचं मला फार कौतुक वाटतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी तो उभा केला. त्यात जीन पोचवायचंच असतं, पण शरीराबाहेर. रोग्याच्या रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, काढायच्या, ताटातच विषाणूकरवी जीन घालायचं आणि पेशी परत द्यायच्या. ०.७ टक्क्याची भानगडच नाही. पण तो रक्ताच्या काही कॅन्सरांवर चालतो. गाठीचं काम वेगळं.

शेवटी प्रबंधात एकच कण ठेवला, डोपचं प्रमाण मधलं धरून. औषध कमी धरतो, आरएनए कमी सोडतो, दोन्हीत सामान्य. दोन कणांचा एक स्वतंत्र भाग जोडला. परीक्षकांनी नेमके त्याच्यावरच प्रश्न विचारले.

मोठी माय आता केपेसिटाबिनच्या गोळ्यांवर आहे. गाठ आटोक्यात आहे, पण बोटांची सालं जाऊन तिचे ठसे पुसलेत. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही. दर महिन्याला पोऱ्याला घेऊन जावं लागतं, नाहीतर तांदूळ नाही. छातीतल्या गाठीसाठी घेतलेलं औषध अंगठ्यापर्यंत जातं. ही गोष्ट मी माझ्या सादरीकरणाच्या पहिल्या स्लाइडवर घेतली होती, सरांनी काढायला लावली. तिनं मला एकदाच विचारलंय, "तुन्हं औषध माले कवय भेटी?" मी म्हटलं, नाही भेटणार मोठी माय. अजून उंदरापर्यंतही गेलेलं नाही. ती म्हणाली, बरं, चहा ठेव.

मार्चमध्ये इन्क्युबेटरची चावी नव्या मुलीकडे दिली. तिला गोठवलेल्या व्हायल मोजून दाखवल्या आणि इलेक्ट्रिशियनला उभा करून एसी जनरेटरच्या लाइनवर घ्यायला लावला.

जाताना गावी थांबले. मोठ्या मायला मोबाइलवर फोटो दाखवत होते. एक कॉन्फोकलचा पहिला, पिवळ्या ठिपक्यांचा. दुसरा डोप घातल्यानंतरचा, ज्यात काहीच नीट दिसत नाही, नुसतं हिरवट धुकं. मी तिला समजावून सांगितलं की दुसरा चांगला, पहिला फसलेला. तिनं दोन्ही पुन्हा पाहिले. "हाऊ पहिलाच चांगला से," म्हणाली, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लावला. आता तिचा डीपी तोच आहे.